विरुपाक्षची सुटका

विरुपाक्षला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तो गच्चीवर पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. टाकीचा फ्लोट अडकला होता. खिशातला मोबाईल वाजला, त्यानं ओल्या हातानंच तो बाहेर काढला, निरोप वाचला आणि गार झाला. टाकी भरून वाहायला लागली, पाणी गच्चीवरून गल्लीत उतरलं, समोरच्या नीलम्माकाकूंची रांगोळी घेऊन पुढं गेलं, तरी हा आपला मोबाईलकडं बघत उभाच.

"विरुपाक्षप्पा! आरं झोपलास का मेलास?" नीलम्माकाकू खालून ओरडल्या.

"काकू, मुलाखत आली!" विरुपाक्ष वरून म्हणाला.

एवढं एक वाक्य तो बोलला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला आनंद झाला की त्याची जीभ आधी सुटते आणि अक्कल मागून येते.

पुण्याची एक ठिबक सिंचनाची कंपनी होती. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा, सीमेवरच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेणारा माणूस त्यांना पाहिजे होता. काम घरबसल्या. मुलाखत गुरुवारी सकाळी, तीसुद्धा लॅपटॉपवरून. विरुपाक्षनं उमरग्याच्या एका दुकानात ऐन उमेदीची सगळी वर्षं हेच काम केलं होतं. नळी फुटली, फिल्टर तुंबला, उंदरानं पाइप कुरतडला, की माणूस तावातावानं दुकानात यायचा आणि मालक विरुपाक्षकडं बोट दाखवून मागच्या दारानं चहाला जायचा. पुढं मालकानं दुकानच बंद केलं आणि विरुपाक्ष सास्तूरला घरी येऊन बसला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवी नोकरी मिळणं म्हणजे काय असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला टाकी का वाहिली ते वेगळं सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली सल्ला द्यायला हजर झाली.

पहिला मान महांतप्पा गुरुजींचा. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, शेजारीच राहायचे आणि विरुपाक्षला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळं विरुपाक्ष अजून चौथीतच आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. "उभा राहा," ते म्हणाले. विरुपाक्ष उभा राहिला. "आता इंग्रजीत स्वतःची ओळख करून दे. माय नेम इज पासून."

"गुरुजी, मुलाखत बसून असती."

"आधी उभ्यानं येऊ दे, मग बसून आपोआप येईल."

नीलम्माकाकूंचं म्हणणं वेगळं. त्या कर्नाटकातल्या आळंदकडच्या, लग्न होऊन इकडं आल्या त्याला जमाना लोटला, पण राग आला की अजून कन्नडवर जायच्या. कपाळावर विभूती तीन बोटं ठसठशीत दिसली पाहिजे, असं त्यांनी बजावलं. पलीकडचा बजरंग म्हणाला, कॅमेऱ्यात ते पांढरं पट्टे मारल्यावानी दिसंल. बजरंगचा स्वतःचा ट्रॅक्टर होता आणि तो एकदा ट्रॅक्टर मेळाव्यात टीव्हीवर दिसला होता, म्हणून कॅमेऱ्याच्या बाबतीत त्याचा शब्द गल्लीत शेवटचा समजला जायचा. विभूतीवरून दोघांची अशी जुंपली की मुलाखत कुणाची आहे हेच दोघं विसरून गेले.

श्रीदेवी, म्हणजे विरुपाक्षची बायको, तेवढी कामाचं बोलायची. तिनं माहेरहून भावाचा लॅपटॉप मागवला. मागची भिंत कोरी दिसावी म्हणून कॅलेंडर काढलं, खुंटीवरच्या पिशव्या काढल्या, खुंटी निघेना म्हणून तिच्यावर चादर टांगली. चादरीवर दोन मोर होते. विरुपाक्ष समोर बसला की त्याच्या दोन्ही कानांतून एकेक मोर बाहेर आल्यासारखा दिसायचा. चादर उलटी टांगली. मग मोर फिके झाले, पण डोकं खाली पाय वर असे दिसायला लागले.

हे सगळं जमलं असतं, पण नेटवर्क घरात येईना. सास्तूरची भूकंपानंतरच्या पुनर्वसनातली घरं पक्की. भिंती अशा दणकट की आतून हाक मारली तर ओसरीवरच्या माणसाला ऐकू जात नाही, तिथं पुण्याच्या कंपनीचा आवाज आत कसा येणार? गच्चीवर नेटवर्क होतं, पण तिथं वारा, ऊन, आणि गच्चीला गच्ची लागून महांतप्पा गुरुजी. तालमीच्या वेळी गुरुजी पलीकडून वाक्यावाक्याला चुका काढायचे. "आय हॅव वर्क्ड, विरुपाक्षा! हॅव म्हटल्यावर वर्क कसं चालंल?"

तिसऱ्या दिवशी विरुपाक्षचं डोकं फिरलं. तो गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, मुलाखत रद्द झाली. कंपनीचा निरोप आला."

गुरुजींचा चेहरा पडला. नीलम्माकाकूंनी कंपनीला शिव्या घातल्या. बजरंग म्हणाला, "आण्णा, जाऊ द्या, असल्या कंपन्या फसव्याच असत्यात." आणि गल्ली शांत झाली. विरुपाक्षला जन्मात पहिल्यांदा खोटं बोलून इतकं बरं वाटलं. श्रीदेवीला त्यानं बजावून सांगितलं, "गुरुवारपर्यंत कुणाला काय सांगायचं न्हाय. कुणी विचारलं तरी न्हाय. मरण आलं तरी न्हाय."

आता उरला जागेचा प्रश्न. गावात चांगलं इंटरनेट एकाच ठिकाणी होतं, ग्रामपंचायतीत. तिथं शिपाई दगडोबाची सत्ता. विरुपाक्षनं विचारलं, मागची खोली तासभर मिळेल का? दगडोबानं त्याला समजावून सांगितलं की खोलीसाठी अर्ज लागतो, अर्जावर ग्रामसेवकांची सही लागते, ग्रामसेवकांकडं दुसऱ्या गावांचाही कारभार आहे, त्यामुळं ते कोणत्या दिवशी येतात हे त्यांनाही आधी माहीत नसतं.

"मग वायफायचा पासवर्ड तरी सांग."

"त्ये गुपित हाय."

"दगडोबा, भिंतीवर लिहिलंय की त्ये."

दगडोबानं वळून भिंतीकडं बघितलं. खरंच लिहिलेलं होतं. यानंतर अर्जाचा मुद्दा त्यानं फार ताणला नाही. फक्त एक अट घातली. आतून कडी लावून बसायचं. नाही तर लोकांना वाटतं पंचायत उघडी आहे, आणि दाखले मागायला येतात.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर पोलिसांचा जनजागृतीचा कार्यक्रम झाला. विरुपाक्ष त्या वेळी घरात कोंडून घेऊन 'माझे गुण आणि दोष' पाठ करत होता, म्हणून गेला नाही. बाकी सगळं गाव गेलं. एका तरुण फौजदारांनी डिजिटल अरेस्ट म्हणजे काय ते सांगितलं. भामटे व्हिडिओ कॉल करतात, आम्ही पोलिसांतले मोठे साहेब आहोत म्हणतात, माणसाला एका खोलीत दार लावून कॅमेऱ्यासमोर बसवतात, ओळखपत्र दाखवायला लावतात, कुणाशी बोलू देत नाहीत, आणि भीती घालून त्याचं बँकेतलं खातं रिकामं करतात. कायद्यात असली अटक नसतेच. कुणी असं अडकलेलं दिसलं तर त्याला ताबडतोब सोडवा, असं सांगून फौजदार गेले. जाण्याआधी गावाची एक दक्षता समिती नेमली गेली आणि अध्यक्ष झाले महांतप्पा गुरुजी.

अध्यक्ष झाल्यापासून गुरुजी एखाद्या गुन्ह्याची वाट बघत होते.

गुरुवार उजाडला. विरुपाक्ष इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत लॅपटॉप लपवून, वाकड्या वाटेनं पंचायतीत पोहोचला. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, ब्लीचिंग पावडरची पोती आणि एक झेंड्याचा खांब होता. एका पोत्यावर लॅपटॉप ठेवून, पुसलेल्या खुर्चीत तो बसला आणि कडी लावली.

पडद्यावर दोघं उमटले. एक पुण्याच्या मॅडम, बारीक चष्म्याच्या, आणि एक कलबुर्गीचे साहेब. सुरुवात फार छान झाली. विरुपाक्ष 'आय हॅव वर्क्ड' बरोबर बोलला. आपण मोठे झालो असं त्याला आतून वाटलं.

"आमच्याकडं एक नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "उमेदवाराला कुणी बाजूनं उत्तरं सांगत नाही ना, हे आम्ही बघतो. जरा तुमचं आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा."

विरुपाक्षनं धरलं.

"आता कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवा. दार बंद आहे ना? मुलाखत संपेपर्यंत बाहेर जायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. हात दिसतील असे ठेवा."

विरुपाक्षनं दोन्ही हात वर धरले. तो नको इतका आज्ञाधारक होता. त्यात खोलीत पंखा नसल्यामुळं त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

नेमका याच वेळी बजरंग कसल्याशा दाखल्यासाठी पंचायतीत आला. पुढं कुणी दिसेना, म्हणून तो मागं गेला आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला. आत विरुपाक्ष आण्णा, घामेघूम, हात वर, एका हातात आधार कार्ड, आणि लॅपटॉपमधून बाईचा आवाज, बाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

बजरंग जो पळत सुटला तो थेट गुरुजींच्या ओट्यावर. "गुरुजी, घात झाला! विरुपाक्ष आण्णा अरेस्ट झालं!"

गुरुजी ताडकन उठले. पण माणूस शिकलेला, पुराव्याशिवाय हलणारा नव्हे. नीलम्माकाकूंना बरोबर घेऊन ते आधी विरुपाक्षच्या घरी गेले. श्रीदेवी देवापुढं बसली होती.

"विरुपाक्ष कुठं हाय?"

श्रीदेवीला खोटं बोलायची सवय नव्हती. ती गडबडली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "मला काय विचारू नका. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून बजावलंय. मरण आलं तरी सांगायचं न्हाय म्हणलेत."

"शिवा शिवा!" नीलम्माकाकूंनी तोंडात पदर कोंबला. गुरुजींनी पायात चपला सरकवल्या. श्रीदेवी मागून काहीतरी ओरडत होती, पण आता तिचं कोण ऐकतो?

इकडं मुलाखत रंगात आली होती. कलबुर्गीच्या साहेबांनी कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले, विरुपाक्षनं चारांचीही उत्तरं दिली. साहेब हसले. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आता शेवटचा प्रश्न. समजा, दहा-बारा चिडलेले लोक एकदम तुमच्यावर चालून आले. कुणी काही ऐकून घेत नाही. तुम्ही काय कराल?"

हा प्रश्न विरुपाक्षनं घोटून पाठ केलेला होता. "मॅडम, सर्वप्रथम मी शांतपणे..."

धाड!

"कसला आवाज?" मॅडम म्हणाल्या.

"काय न्हाय मॅडम, वारा."

"विरुपाक्षा!" बाहेरून वारा ओरडला. "घाबरू नको! आम्ही आलो आहोत! त्या लोकांना एक पैसा देऊ नको!"

"पहार घाला, पहार!" दुसरा वारा म्हणाला.

विरुपाक्ष खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला. उठून कडी काढावी तर मॅडमनी दार बंद ठेवायला सांगितलेलं. न उठावं तर... पण तेवढ्यात ठरवायची गरजच उरली नाही. कडी, कोयंडा आणि दाराची अर्धी फळी एकदम आत आली, आणि त्यांच्या मागोमाग बजरंग, त्याच्या हातात पहार, गुरुजी, नीलम्माकाकू, अर्धी गल्ली, आणि सगळ्यांच्या मागं कपाळ बडवत दगडोबा. "सरकारी दार! आरं, सरकारी दार हाय त्ये!"

पुण्याच्या मॅडमचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं.

गुरुजी लॅपटॉपसमोर गेले, चष्मा सारखा केला आणि पंचायतीचे पत्रे हादरतील अशा आवाजात गरजले, "यू आर अंडर अरेस्ट! दिस इज सास्तूर व्हिलेज!"

"थोबाड दावा की खरं! पोलिसाचं कापडं कुठं गेलं?" बजरंगनं पहार उगारली.

नीलम्माकाकूंनी पडद्यातल्या साहेबांकडं बोट रोखलं आणि सरळ कन्नडला हात घातला. "निन्न बायाग मण्ण बीळ्ली!" म्हणजे तुझ्या तोंडात माती पडो. त्यांना वाटलं भामटा परप्रांतातला असणार, त्याला काय कळतंय? कलबुर्गीच्या साहेबांना शब्दन् शब्द कळला. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

विरुपाक्ष भिंतीला टेकून उभा होता. नोकरी गेली, अब्रू गेली, आता पुढं काय जायचं राहिलंय याचा तो हिशेब लावत होता. आणि मग काय झालं ते त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही. बहुतेक समोर चिडलेली माणसं दिसली आणि उमरग्याच्या दुकानात इतकी वर्षं उभं राहिलेलं त्याचं अंग आपणहून हललं. कारण अशा वेळी काय करायचं असतं हे त्याच्या डोक्यापेक्षा त्याच्या हातापायांना जास्त ठाऊक होतं. तावातावानं आलेल्या माणसाला आधी बसवायचं. बसलेल्या माणसाला फार वेळ ओरडता येत नाही.

त्यानं आपली खुर्ची उचलली आणि गुरुजींच्या मागं नेऊन ठेवली. "गुरुजी, बसा."

"अरे, बसायची वेळ आहे का ही?"

"बसा. तुम्ही धावत आलाव. दम लागलाय तुम्हाला." गुरुजी बसले. बसल्यावर त्यांना खरंच दम लागला.

मग तो काकूंकडं वळला. "काकू, सुम्म कुंद्री. नीर कुडीरी." गप बसा, पाणी प्या. आपल्या माहेरच्या भाषेत कुणी इतक्या मायेनं बोललं की नीलम्माकाकू विरघळायच्या. त्या पोत्यावर टेकल्या आणि त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या.

"बजरंग, ती पहार जड हाय. दे इकडं." बजरंगनं दिली. "तू माझ्यासाठी पळत आलास. हे म्या विसरणार न्हाय."

"आण्णा, तुम्ही ठीक हाव ना?" बजरंगचा आवाज एकदम पातळ झाला.

"दगडोबा, दार आज संध्याकाळपर्यंत बसतंय. सुतार म्या आणतो. तू समोर उभा राहून बसवून घे." दगडोबाचं कपाळ बडवणं थांबलं.

आणि मग, खोलीत ऐकू येईल एवढ्याच आवाजात, विरुपाक्षनं खरं सांगितलं. ही अटक नव्हे, मुलाखत आहे. रद्द झाली म्हणालो ते खोटं. तुमच्या सल्ल्यांना कंटाळलो होतो, म्हणून बोललो.

खोलीत अशी शांतता पसरली की ब्लीचिंग पावडरचा वास ऐकू यावा. गुरुजी खाली बघत होते. आयुष्यभर मुलांना खाली बघायला लावलेला माणूस, त्याला ते नीट जमतही नव्हतं.

विरुपाक्ष लॅपटॉपकडं वळला. दोघं अजून पडद्यावर होते, पापणी न हलवता. "माफ करा मॅडम," तो म्हणाला. "तुमचा शेवटचा प्रश्न काय होता?"

"आम्ही कळवतो," मॅडम कशाबशा म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

कळवतो म्हणजे काय, हे ज्यानं नोकरी शोधली आहे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. विरुपाक्ष घरी आला, मोरांच्या चादरीवर पडला आणि भिंतीकडं तोंड करून राहिला. गल्लीत कुणी मोठ्यानं बोलेना. नीलम्माकाकूंनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करून पाठवली, बजरंगनं न सांगता टाकीचा फ्लोट बदलून दिला. गुरुजी दोनदा दारापर्यंत आले आणि परत गेले. पंचायतीत मात्र दाराचा प्रश्न चिघळला. सुतारानं दार बसवलं, पण दार मोडलं कुणी हे ग्रामसेवकांना लेखी पाहिजे होतं. गुरुजी म्हणाले, समितीनं मोडलं. ग्रामसेवक म्हणाले, समिती कुणी नेमली? तर ती पंचायतीनं नेमलेली. म्हणजे पंचायतीनं पंचायतीचं दार मोडलं होतं, आणि आता पंचायतीनं पंचायतीला जाब विचारायचा होता. ते अजून चाललं आहे.

शनिवारी विरुपाक्षचा फोन वाजला. तो गच्चीवर पळाला.

"आम्ही सगळ्या उमेदवारांना तो शेवटचा प्रश्न विचारला होता," पुण्याच्या मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी फार छान उत्तरं दिली. तुमच्याकडं मात्र ती माणसं खरोखर आली. एक तारखेपासून रुजू होऊ शकाल का?"

विरुपाक्षनं जोरजोरात मान हलवली. मॅडम हॅलो हॅलो करत राहिल्या.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "आमच्या कलबुर्गीच्या साहेबांनी निरोप सांगितलाय. त्या काकूंना नमस्कार सांगा. इतकी अस्सल शिवी त्यांनी आजी गेल्यापासून ऐकली नव्हती म्हणे."

विरुपाक्ष खाली आला तेव्हा त्याचा चेहरा असा पांढराफटक होता की श्रीदेवीनं आधी त्याला धरून खाली बसवलं आणि मग काय झालं ते विचारलं. त्यानं सांगितलं. तीही त्याच्या शेजारी बसली. दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघत राहिले, जणू कुणीतरी येऊन हे खोटं आहे असं सांगणार आहे. कुणी आलं नाही. मग श्रीदेवी रडायला लागली, आणि तिचं रडणं ऐकून गल्लीतली माणसं पुन्हा पळत आली. या वेळी दार उघडं होतं.

गुरुजींनी विरुपाक्षच्या पाठीवर हात ठेवला. "विरुपाक्षा, नोकरी तुझी तू मिळवलीस," ते म्हणाले. तेवढ्यापुरतं.

कारण दुसऱ्या दिवसापासून गावात एक वेगळीच हकिकत फिरायला लागली. तिच्यात विरुपाक्ष नावापुरता होता. महांतप्पा गुरुजींनी ऐन वेळी दार फोडलं म्हणून नोकरी लागली, नाही तर कसली लागते! गुरुजींनी हे कुणाला सांगितलं नाही, पण कुणी सांगत असलं तर थांबवलंही नाही. बजरंग पहार दाखवायचा. नीलम्माकाकू शिवी म्हणून दाखवायच्या.

विरुपाक्ष कामाला लागला. कंपनीनं घरी इंटरनेट दिलं. पहिल्या सोमवारी तो कानाला हेडफोन लावून खिडकीशी बसला होता. पलीकडून आळंदचा एक शेतकरी फिल्टरबद्दल तक्रार सांगत होता. तेवढ्यात शेजारच्या ओट्यासमोर एक मोटरसायकल थांबली. जवळच्या माकणी गावचा इंद्रजित उतरला. मागं त्याची मुलगी निकिता, हातात फाइल घेऊन, मान खाली घालून.

"गुरुजी," इंद्रजितनं हात जोडले, "आमच्या पोरीची ऑनलाइन मुलाखत हाय परवा. लई मोठी कंपनी हाय. तुमी चार माणसं घेऊन या की. नीलम्माकाकूंना बी आणा."

"अहो, तसं नसतं ते..." गुरुजी म्हणाले.

"नगं म्हणू नका, गुरुजी. दार म्या कच्चंच बसवून ठिवलंय."

विरुपाक्षनं आ वासला. हेडफोनमधून शेतकरी विचारत होता, हॅलो, साहेब, ऐकायलाव ना?

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि अत्यंत गंभीर आवाजात विचारलं, "पहार तुमच्याकडं आहे, का आमची आणावी?"